एक सवारी जास्त

१

सखाराम रिटायर झाला त्या दिवशी डेपोवाल्यांनी त्याला नारळ दिला, शाल दिली, आणि तो फाटकाबाहेर पडल्यावर सगळ्यांनी मिळून सुस्कारा सोडला. चूक नव्हतीच त्यांची. एस.टी. चालवता चालवता ह्या माणसानं काय काय केलं नाही! पैठणच्या रस्त्याला उतार लागला की मागं तोंड करून ओरडायचा, "ब्रेक लागंना बरं का, ज्यानं त्यानं आपापलं बघा!" आणि मग गाडी अशी अलगद थांबवायचा की मांडीवरच्या पिशवीतलं अंडंसुद्धा हलायचं नाही. कंडक्टर शिव्या घालायचा. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या.

आता तो गारखेड्यात लेकाच्या घरी राहत होता. गाडी सुटली, पण स्टिअरिंग काही सुटलं नाही. नात श्रेया इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिनं कॉम्प्युटरला जोडायचं स्टिअरिंग आणून दिलं, बस चालवायचा गेम टाकून दिला, आणि एक दिवस गंमत म्हणून म्हाताऱ्याची बडबड रेकॉर्ड करून इंटरनेटवर सोडली. झालं! लोक खुळावले. गेममधले रस्ते परदेशातले, पण सखाराम गावांना नावं आपलीच द्यायचा. बर्फानं पांढरं झालेलं गाव आलं की म्हणायचा, "हां, बिडकीनवाले उतरा. काय थंडी पडलीय बिडकीनला, भर उन्हाळ्यात!" आणि गाडी डेपोत लावली की शेवटचं वाक्य ठरलेलं. "आली बरं का गाडी घरी."

हा कारखाना दुपारी, जेवणं उरकल्यावर, मधल्या खोलीत चालायचा. कूलर बंद, कारण आवाज येतो. पंखा बंद, कारण आवाज येतो. एका अंगाला पाण्याचे ड्रम, कारण नळ कधी येईल ते नळालाच ठाऊक. भिंतीवर बुद्धांचा आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि जरा खाली भामाबाईचा. भामाबाई म्हणजे सखारामची बायको. ती जाऊन दोन उन्हाळे झाले होते.

तर अशा ह्या भट्टीसारख्या खोलीत, एका चांगल्या दुपारी, रेकॉर्डिंगात कडकड आली.

२

श्रेयानं हेडफोन काढला आणि आजोबाकडं रोखून बघितलं.

"आबा, काय केलंत?"

"मी काय केलं?"

"ऐका."

सखारामनं हेडफोन कानाला लावला. त्याचाच आवाज, "आली बरं का गाडी घरी," आणि त्यामागून कड, कडकड, कड. फोडणीत मोहरी तडतडते तसं नाही. वाळलेल्या काटक्या कुणी सावकाश मोडाव्यात तसं.

"मामाच असतील!" स्वयंपाकघरातून संध्या ओरडली. संध्या म्हणजे सून, सासऱ्याला मामा म्हणायची. तिचा राग रास्त होता, कारण मागच्याच महिन्यात तिच्या पिठाच्या डब्यात रबराची पाल निघाली होती. "त्यांच्या हातात काय हाय ते बघ आधी!"

"ह्या खेपेला मी नाय गं," सखाराम म्हणाला. आता हे वाक्य तो दर खेपेलाच म्हणायचा, त्यामुळं घरात त्याला कवडीचा भाव नव्हता.

पण पोरीनं झडती घेतली आणि हात रिकामे निघाले. मग ती कामाला लागली. गेमचा आवाज एका गतीनं येत असला आणि माईकचा दुसऱ्या, तर रेकॉर्डिंग तडतडतं म्हणे. तिनं दोन्ही गती सारख्या केल्या. कडकड आली. आवाज साठवायला कॉम्प्युटरला जागा कमी पडत असेल म्हणून ती वाढवली. कडकड आली. माईकची वायर बदलली, भोक बदललं, सगळ्यांचे मोबाईल उचलून तांदळाच्या डब्यावर नेऊन ठेवले. आली. शेवटी म्हणाली, अर्थिंग कोरडं पडलं असेल, आणि अंगणातल्या अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतून आली.

"पाणी!" संध्या किंचाळली. "अगं, आठवडा झाला नळ नाय, आन् तू खड्ड्याला पाणी पाजतीस? आजोबाची नात शोभतीस खरी!"

खड्डा गारेगार झाला. कडकड आलीच.

३

मग श्रेयानं आवाज वेगवेगळे करून रेकॉर्ड केले. गेमचा एका पट्टीवर, माईकचा दुसऱ्या. गेमची पट्टी धुतल्या तांदळासारखी निघाली. कडकड सगळी माईकच्या पट्टीवर.

"म्हणजे कॉम्प्युटरात काही नाही," ती म्हणाली. "आवाज खोलीत होतोय."

"खोलीत? तू हितंच तर बसली होतीस. ऐकलास का तू?"

"नाही."

"मी बी नाय ऐकला."

ड्रमवरून पाण्याचा एक थेंब ओघळला तेवढाही आवाज त्या खोलीत ऐकू येत होता.

सखारामला गाडीतले आवाज शोधायची सवय. खडखड होत असली की ती बोनेटमधून येते की मागच्या सीटखालून, हे जागा बदलून कळतं. म्हणून त्यानं पोरीला माईक उचलून पार दारापाशी नेऊन ठेवायला सांगितला आणि स्वतः जागेवर बसून बस पुन्हा डेपोत लावली. "आली बरं का गाडी घरी."

श्रेयानं ऐकलं. आबांचा आवाज लांबून, विहिरीतून आल्यासारखा. आणि कडकडही तेवढीच लांब.

"आबा," ती हळूच म्हणाली, "तुम्ही लांब गेलात तसा तो आवाजही लांब गेला. तो माईकजवळ नाहीच. तुमच्याजवळ आहे."

सखारामनं गमतीत दोन्ही कान झाडले. "कानात किडा गेला असंल." पण ती हसली नाही, आणि मग त्यालाही हसू आलं नाही. त्याची कानशिलं दोन दिवस ठणकत होती. हेडफोन घट्ट हाय, असं तो धरून चालला होता. ऊन बी लई होतं.

४

कोडं सुटलं ते दुसऱ्या दिवशी, आणि सुटलं ते असं सुटलं की श्रेया रडायलाच लागली.

तिनं कडकड सुरू झाल्यापासूनची सगळी रेकॉर्डिंगं पालथी घातली होती. कडकड कुठंही मधे नव्हती. बिडकीनला नव्हती, घाटात नव्हती. दर वेळी फक्त गाडी घरी आल्यावर.

"आबा, तुम्ही ड्यूटीवरून घरी आलात की आजी काय करायची?"

सखारामनं भिंतीवरच्या भामाबाईच्या फोटोकडं बघितलं. त्यालाही त्याच क्षणी कळलं होतं.

भामाबाई दारात उभी राहायची. मुक्कामाची गाडी घेऊन तो सकाळी यायचा, डोळे तांबारलेले, अंगाला डिझेलचा वास. ती चप्पलसुद्धा काढू द्यायची नाही. दोन्ही तळवे त्याच्या तोंडावरून खाली उतरवायची, मग बोटं स्वतःच्या कानशिलावर टेकवून कडाकडा मोडायची. रस्त्यानं ज्याची ज्याची नजर लागली असंल ती सगळी माझ्या डोक्यावर, असा त्याचा अर्थ. पोरगा अभय शिकून शहाणा झाल्यावर तिच्यावर ओरडायचा, "आई, आपण हे सगळं सोडलंय ना? नजर-बिजर काय नसतं!" ती म्हणायची, "व्हय रे बाबा, नसतं," आणि अभय कामाला गेला की त्याच्याही पाठमोऱ्या अंगावरून उतरवून बोटं मोडायची.

"आजीच आहे," श्रेया नाक पुसत म्हणाली. "आबा, आजी येते."

खोटं कशाला बोला, त्या वेळी सखारामनंही उपरण्यानं डोळे टिपले. संध्या हातातलं लाटणं तसंच धरून दारात उभी राहिली होती. पाल विसरली, पाणी विसरलं.

"पप्पा मानणार नाहीत," श्रेया म्हणाली. "थांबा, त्यांना पुरावाच देते." तिनं तो आवाज ताणून ताणून संथ केला. स्क्रीनवर त्याची रेघ पसरली, आणि तिच्यावर एकेका आवाजाचा एकेक काटा उभा राहिला, बाभळीच्या फांदीवर असतात तसा. तिनं स्क्रीनला बोट लावून मोजले.

"दहा! बघा आबा. दहा बोटं, दहा आवाज. आता बोला!"

सखारामनं उपरणं तोंडावरून खाली घेतलं.

"पुन्हा मोज," तो म्हणाला.

तिनं पुन्हा मोजले. दहाच होते.

५

आता एक गोष्ट अशी, जी त्या घरात फक्त सखारामला ठाऊक होती. भामाबाईची उजवी करंगळी लहानपणापासून आखडलेली होती. दिसायला चांगली, पण मोडायची नाही. कितीही दाबा, आवाज नाही. जन्मभर तिनं त्याच्यावरून नऊच बोटं मोडली. आणि जन्मभर हा चावट माणूस दारात उभा राहून म्हणायचा, "एक सवारी राहिली की गं, भामे!"

"ती पुढच्या गाडीनं यील," ती म्हणायची. "जेवून घ्या."

नवराबायकोमधली गोष्ट. ती काय कुणाला सांगायची असते?

त्या रात्री त्यानं स्वतःला समजावलं. मेल्यावर करंगळी सुटली असंल. देहाची अडचण देहाबरोबर गेली. असं बरंच काय काय. माणूस घाबरला की किती हुशार होतो बघा.

दुसऱ्या दिवशी श्रेयानं गाणं म्हणत माईक लावला. आता तिला बिघाड दुरुस्त करायचाच नव्हता. सखारामनं गाडी चालवली, पण बिडकीनची थट्टा काही जमेना. डेपोत बस लावली. ठरलेलं वाक्य त्यानं बोलायचं नाही असं ठरवलं होतं. बोलला नाही. नुसता स्टिअरिंगला धरून बसला.

खोलीत काही ऐकू आलं नाही.

श्रेया बाहेर गेल्यावर त्यानं तिच्याकडून शिकलेल्या खटपटीनं रेकॉर्डिंग लावलं. त्यात तो गप्प बसला होता, आणि त्याच्या गप्पपणातच ती कडकड सुरू झाली. त्यानं डोळे मिटून सवाऱ्या मोजाव्यात तशी मोजली. नऊ. दहा.

अकरा.

जरा थांबून, जणू कुणी आणखी एखादं शोधत होतं, बारा.

त्यानं डोळे उघडले आणि पहिल्यांदाच आवाजाऐवजी चित्राकडं बघितलं. स्क्रीनच्या डोक्यावर छोटा कॅमेरा बसवलेला असतो. त्याची खोड अशी की जवळ काही आलं की तो तेच स्वच्छ दाखवतो आणि मागचं सगळं पुसट करतो. सखारामनं एकदा जुना बिल्ला त्याच्यापुढं धरला होता तेव्हा बिल्ल्यावरचा नंबर दिसला, आणि त्याचं थोबाड पिठलं झालं होतं.

ह्या रेकॉर्डिंगात गाडी थांबली, आणि त्याचं थोबाड पिठलं झालं. कॅमेऱ्याला त्याच्या आणि स्क्रीनच्या मधे काहीतरी सापडलं होतं. तिथं काहीच नव्हतं. भिंत, ड्रम, खुर्ची. फक्त त्या पुसट चेहऱ्यावर पांढरी टोपी होती, आणि टोपीच्या दोन्ही बाजू, कानांच्या वर, सावकाश आत दबत गेल्या.

त्यानं हात वर नेऊन स्वतःची कानशिलं चाचपली. ठणकत होती.

भामा बोटं मोडायची ती स्वतःच्या कानशिलावर. ज्याची पीडा घ्यायची त्याच्या डोक्यावर कुणी मोडत नसतं.

६

"आता बास झालं रेकॉर्डिंग," सखाराम जेवताना म्हणाला. "थकलो मी."

"थकलात? तुम्ही?" संध्या म्हणाली. "मामा, काय डाव हाय ह्यात?"

"डाव नाय. खरंच थकलो."

"हे म्हणं खरंच थकले! त्या पालीच्या वेळी म्हणं खरंच पाल होती!"

श्रेयानं त्याच्या हातावर हात ठेवला. "आबा, तुम्ही आराम करा. मी बसते. आजी काय फक्त तुमच्यासाठी येते का?"

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. "तू नको बसू तिथं. एकटी तर नकोच."

"का?"

काय सांगणार? करंगळीचं सांगितलं असतं, तरी ह्या घरात सखाराम भामटा होता. रबराच्या पालीचा मालक होता. ती हसून म्हणाली असती, आबा, आता आजीच्या नावानं पण?

आणि ती बसली. तो अंघोळीला गेला होता. पुण्याच्या कंपनीचा फोन आला, हिची निवड झाली, आणि घरात कुणालाही सांगायच्या आधी ही पोरगी मधल्या खोलीत जाऊन, माईक चालू करून म्हणाली, "आजी, मला नोकरी लागली!" मग तेच रेकॉर्डिंग नाचत नाचत सगळ्यांना दाखवलं.

संध्या तोंडाला पदर लावून रडली. सखारामनं मात्र बघितलं. चेहरा पुसट झाला. आणि श्रेयाच्या दोन्ही कानांपुढच्या मोकळ्या बटा, पंखा बंद असताना, अंगाला चिकटल्यागत सपाट झाल्या. बोटांखाली दबल्यागत. कडकड चालू झाली ती त्याला मोजवेना. थांबतच नव्हती. जणू जो मोडत होता त्याला आपली बोटं किती हेच ठाऊक नव्हतं.

"केवढे आशीर्वाद देतेय!" श्रेया म्हणाली, आणि दोन्ही अंगठ्यांनी कानशिलं चोळली. "डोकं फार दुखतंय आज. ऊन लागलं वाटतं."

७

तेव्हा सखारामनं जे केलं ते जन्मभर त्याला चांगलं येत होतं. तो खोटं बोलला.

दुपारी पोरीला मधल्या खोलीत बसवलं, खाली बघितलं, मिशीतल्या मिशीत हसला. "श्रे, रागवू नको. ते सगळं मी केलं व्हतं."

"काय?"

"ती कडकड." त्यानं खुर्चीखालून पाण्याची रिकामी बाटली काढली, ती पातळ प्लॅस्टिकची. "टेबलाखाली धरून दाबायचो. तू झडती घेतलीस तवा पायाखाली सरकवली. मग तू आजी-आजी करून रडायला लागलीस, आन् मला तोंडच राहिलं नाय सांगायला."

श्रेयाचा चेहरा पांढरा पडला. मग लाल.

"माझ्या रेकॉर्डिंगच्या वेळी तुम्ही अंघोळीला होतात."

"दाराआड व्हतो. नळाला पाणी तरी असतंय का अंघोळीला?"

ती उठली. तिनं माईक चालू केला, कॅमेरा चालू केला, हेडफोन कानाला लावला. आताच्या आता ऐकू येईल अशी जोडणी केली. "करून दाखवा. माझ्यासमोर."

सखारामनं बाटली टेबलाखाली घेतली. त्याला एवढंच हवं होतं. ही चिडली पाहिजे. हिनं वायरी उपटून फेकल्या पाहिजेत, पुण्याला निघून गेलं पाहिजे, आणि परत कधी ह्या खोलीत "आजी" म्हणून हाक मारली नाही पाहिजे. मग ती जन्मभर बोलली नाही तरी चालेल. त्यानं बाटली दाबली.

कड. कडकड.

हेडफोनमध्ये तिनं ते ऐकलं. अगदी तसंच होतं की नव्हतं कोण जाणे, पण राग आलेल्या माणसाला तसंच ऐकू येतं. तिचे ओठ वाकडे झाले, डोळे भरले, आणि मग, आजोबाचीच नात ती, तिला हसू फुटलं.

"भामटे आहात तुम्ही, आबा! एक नंबरचे भामटे! मी पप्पांशी भांडले हो तुमच्यासाठी!"

"लई मोठा भामटा हाय मी," सखाराम म्हणाला. त्याच्या छातीवरचा दगड उतरला. त्यानं बाटली सोडून दिली. ती फरशीवरून गडगडत जाऊन ड्रमला टेकली. दोन्ही हात त्यानं टेबलावर ठेवले.

"आता बास," श्रेया डोळे पुसत म्हणाली. तिचं लक्ष त्याच्याकडं नव्हतं, ओढणीचं टोक शोधण्यात होतं. "कळलं मला. थांबवा आता."

सखारामनं स्क्रीनकडं बघितलं. त्यात त्याचा स्वतःचा चेहरा दिसत होता, मिशीचा एकेक केस मोजता येईल इतका स्वच्छ. शेजारी श्रेया बसली होती, तिथं फक्त एक पुसट डाग होता, आणि त्या डागाच्या दोन्ही बाजू सावकाश आत दबत होत्या.

"आबा, बास म्हटलं ना!" ती हेडफोन धरून हसत होती. "किती दाबाल? फुटेल ती बाटली!"

खोलीत काहीच ऐकू येत नव्हतं. ड्रमपाशी बाटली आडवी पडली होती. हसता हसता ती कुठल्याही क्षणी मान वळवून त्याच्या हातांकडं बघणार होती.

सखारामनं दोन्ही रिकामे हात हळूच टेबलाखाली नेले.

"थांबतो गं, थांबतो," तो म्हणाला, आणि तिच्याकडं बघून मिशीतल्या मिशीत हसत राहिला. "एकच सवारी राहिली."